गोधडीचा दोरा

केजात आजबी विरुपाक्ष फोटोवाल्याचं नाव निघालं की एखादा हमखास विचारतो, "तो कोपरा कापणारा का?" मला त्याचं थोबाड फोडावं वाटतं. फोडत न्हाई, कारण ज्या कोपऱ्यापायी विरुपाक्षचं नाव खराब झालं, त्यात माझा हात होता. त्याचं नाव सहा वर्सं चव्हाट्यावर धुतलं जात होतं आणि मी शेजारच्या दुकानात बसून पाण्याच्या मोटारीत तार भरत होतो. आता तो न्हाई. तवा मीच सांगतो, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं.

मी हबीब. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, पंप जोडतो, नळाची गळती काढतो. तहसिलीच्या रस्त्याला माझं दुकान आणि भिंतीला भिंत लागून विरुपाक्षचा स्टुडिओ. वीस वर्सांचा शेजार. माणूस काटकुळा, सकाळी कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून यायचा, दुपारपर्यंत त्यातला दीडच उरायचा. फोटो धुवायच्या औषधाच्या पाण्यात हात घालून घालून नखं काळी पडलेली. बोलणं मोजकं. गिऱ्हाइकाला "हसा" कधी म्हणायचा न्हाई, उलट "हसू नका, हलता" म्हणून दटावायचा. मी त्याला चिडवायचो की बे, तुझ्या फोटोत नवरानवरीसुद्धा मयताला आल्यासारखी दिसत्यात. तो म्हणायचा, दिसू दे, तोंड तर नीट येतं.

आणि तोंडाचंच त्याचं काम होतं. खेड्यातलं कुणी मेलं की घरची माणसं त्याच्याकडं यायची. मेलेल्याचा एकट्याचा फोटो कुणाकडंच नसायचा. मग कुणाच्या तरी लग्नातला, शाळेतला, भजनी मंडळातला घोळक्याचा फोटो आणायची आणि त्यातल्या एका डोक्यावर बोट ठेवायची, हा आमचा दादा. तेवढं एक डोकं विरुपाक्ष उचलायचा, मोठं करायचा, बारीक ब्रश घेऊन मिटलेले डोळे उघडायचा, कुंकू लावायचा, उघड्या डोक्यावर पटका चढवायचा. केज तालुक्यातल्या निम्म्या घरांत भिंतीवर हार घालून बसलेली माणसं ह्याच्या हातची हायत. घरचे रडत रडत म्हणायचे, अगदी बोलायला लागेल असा केलाय आप्पा. त्याला सगळे आप्पाच म्हणायचे. तवा तो उठून आत निघून जायचा, कारण त्याला रडणं बघवायचं न्हाई.

आता भिंगाचं सांगतो. आमच्या भागातनं दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघत्यात. युसूफ वडगावच्या पुढच्या एका वस्तीवरचा हरिबा मुकादम दरसाल वीस कोयते घेऊन वर कारखान्याकडं जायचा. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं, शिवाय लेकरं. हरिबाला लई ऐट. ट्रक केजात आला की आमच्या दुकानांसमोर उभा करायचा, पुढच्या चाकाखाली नारळ फोडायचा आणि सगळ्या टोळीचा ट्रकसकट एक फोटो काढून घ्यायचा. तो घरात दारासमोर लावायचा. दरसालचा एक, अशी ओळच होती त्याच्या भिंतीवर.

पण आमचा रस्ता बोळाएवढा. ह्या बाजूला दुकानं आणि नाली, त्या बाजूला गोदामाची भिंत. मागं सरायला जागाच न्हाई. विरुपाक्ष नालीवर एक पाय टाकून, पाठ दाराला लावून फोटो काढायचा तरी दोन्ही कडेची माणसं तुटायची. एका साली त्यानं दोन फोटो काढून मधोमध जोडले, तर हरिबा म्हणला, माझी टोळी फाटल्यासारखी दिसती. तवा विरुपाक्षनं मनावर घेतलं. ते दिवस असे की बाहेरदेशचा माल उघड्यावर मिळायला लागलता. चौऱ्याण्णव सालच्या दसऱ्याला तो पुण्याला गेलता आणि येताना एक वापरलेलं रुंद भिंग घेऊन आला. चोवीस नंबरचं. जवळ उभं राहून आख्खा ट्रक त्यात मावायचा. मला डोळा लावून दाखवलं तर माझं दुकान, त्याचं दुकान, नाली आणि नालीतलं डुक्करसुद्धा एकदम दिसलं.

त्या भिंगाला तो तान्ह्या लेकरासारखा जपायचा. धुळीचं लई भ्या. आता केजात राहून धुळीला भ्यायचं म्हणजे काय म्हणावं. पण पुण्याच्या दुकानदारानं त्याला भिंगाच्या तोंडावर बसवायची एक साधी काच दिलती, जाड पितळी कड्याची. फिल्टर म्हणत्यात तिला. ओरखडा पडला तर काचेवर पडंल, भिंग शाबूत राहील, एवढाच तिचा उपयोग. फक्त ती काच नीट बसायची न्हाई. आटे झिजलेले. एक फेरा घेतला की पकडायची आणि पुढं नुसती गरगर फिरायची. भिंग हलवलं की खुळखुळ वाजायची.

त्या साली हरिबाची टोळी आली. ट्रकवर बोचकी, भांडी, कोंबड्यांचा एक खुराडा. बोनेटवर झेंडूचा हार. नारळ फुटला. नारळ फुटल्यावर ट्रक जास्त थांबवायचा न्हाई अशी त्यांची रीत, थांबला तर हंगामात खोडा पडतो म्हणत्यात. म्हणून फोटो दोन मिनिटांत व्हायला लागायचा. विरुपाक्षनं माणसं लावली. पुढची ओळ भुईवर बसलेली, मागं उभी, त्यामागं ट्रकच्या फाळक्यावर चढलेली. कॅमेरा उचलून डोळ्याला लावला आणि ती काच भिंगावरनं सुटून धुळीत पडली. फुटली न्हाई. त्यानं पुसून परत बसवली. परत पडली. हरिबानं ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावला.

विरुपाक्ष म्हणला, जाऊ दे, काच काढून ठेवतो, नुसत्या भिंगानं काढतो.

त्यानं तसं केलं असतं तर हे सगळं सांगायची पाळीच आली नसती. पण मी शेजारी उभा होतो ना. आटे गेलेला जोड माझ्यासमोर आणि मी गप बसू? मी म्हणलं, आण इकडं, आटे गेले तर काय करायचं ते मला विचार. नळाचा जोड ढिला झाला की आमी त्याच्या आट्यावर सूत गुंडाळतो, वर सफेद्याचा लेप देतो आणि पिळतो. थेंब गळत न्हाई. सफेद्याचा डबा माझ्या हाताशीच होता, पण सूत संपलेलं. मी इकडंतिकडं बघतोय तोवर माझ्या बाजूला उभी असलेली बाई म्हणली, दोरा पायजे का भाऊ, माझ्याकडं हाय.

ती बायडाबाई. हरिबाच्याच टोळीतली, पण फोटोत बसलेली नव्हती. विधवा बाईनं नारळ फुटलेल्या ट्रकसमोर, निघायच्या वक्ताला उभं राहायचं न्हाई, म्हणून ती आपण होऊनच माझ्या ओट्याजवळ येऊन थांबलती. नवरा मेल्यावर तिचा आणि तिच्या लेकीचा मिळून एक कोयता होता. लेक द्वारका, सतरा वर्सांची. बायडाबाईच्या काखेत अर्धी शिवलेली गोधडी होती, सुई तिच्यातच खोवलेली. तिनं हातभर दोरा ओढला, दातानं तोडला आणि मला दिला. चांगला जाड, तीन पदरी दोरा, मांडीवर वळून पीळ दिलेला. मी तो कड्याच्या आट्यावर गुंडाळला, सफेदा फासला, काच पिळून बसवली. हलवून बघितलं. खुळखुळ बंद. मी विरुपाक्षला म्हणलं, घे, आता बैल लावून ओढली तरी निघायची न्हाई.

द्वारका पुढच्या ओळीत पार डाव्या टोकाला बसलेली. विरुपाक्षनं तिला दोनदा सांगितलं, पोरी आत सरक. ती दोन बोटं सरकायची आणि परत टोकाला यायची, कारण टोकावरनं तिला आई दिसायची. पुढं शेजारणीचं लेकरू चुळबुळ करत होतं, त्याला तिनं एका हातानं खांद्याला धरून ठेवलेलं. विरुपाक्षनं बटण दाबलं. टोळी ट्रकवर चढली, बायडाबाई सगळ्यांत शेवटी. धुरळा उडवत ट्रक गेला.

आठ दिवसांनी विरुपाक्षनं तो फोटो धुतला. सगळं कसं खणखणीत आलतं, ट्रकचा नंबर, हार, एकेक तोंड. फक्त खालचा डावा कोपरा काळा. कुणी शाई सांडावी तसा ठार काळा. त्यात एकच माणूस गेलं होतं. त्यानं काय केलं, फोटोची डावी कड कापली, उजवी थोडी कापली, म्हणजे सारखं दिसावं, आणि हरिबाच्या घरी चौकट पाठवून दिली. मला म्हणला, चाळीसातली एक पोरगी गेली हबीब, पुढच्या साली मधोमध बसवू तिला. मी म्हणलं, हो, बसव की. इतकंच बोलणं झालं आमच्यात.

द्वारका त्या हंगामातनं परत आली न्हाई. ट्रकला फळी लावून उसाची मोळी डोक्यावर घेऊन चढायचं असतं. पहाटेच्या दवानं फळी ओली होती. ती वरनं मोळीसकट पडली आणि मान मोडली. तिकडंच नदीच्या काठाला तिला जाळलं, आणि तिसऱ्या दिवशी बायडाबाईला परत कोयता हातात घ्यावा लागला.

चैतात टोळी परतली. बायडाबाई आधी हरिबाच्या घरी गेली, फोटो बघायला. सगळी टोळी भिंतीवर होती आणि तिची लेक नव्हती. तिथनं ती तडक जीप धरून केजला आली. विरुपाक्षच्या दारात उभी राहिली आणि शांतपणे म्हणली की आप्पा, माझ्या द्वारकीचा दुसरा कुठंच फोटो न्हाई. शाळेत ती गेली न्हाई, लगीन झालं न्हाई, मतदानाच्या कार्डाला वय भरलं न्हाई. मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या कानानं ऐकलं.

"पैल्या महिन्यात डोळे मिटले की दिसायची. आता निम्मीच दिसती. नाक आठवाया गेलं की डोळे जात्यात. पार जायच्या आत मला तिचं तोंड द्या."

विरुपाक्ष म्हणला, फिल्मची मूळ पट्टी माझ्याकडं हाय, ती कापलेली न्हाई, मी बघतो. बाजाराच्या दिवशी या. त्यानं कितीतरी मेलेले उभे केले होते. हेबी होईल असं त्याला खरंच वाटलं असणार.

ती गेल्यावर त्यानं पट्टी उजेडाला धरली आणि खाली बसला. काळ्या-पांढऱ्याच्या पट्टीवर सगळं उलटं असतं. जिथं उजेड पडला तिथं काळं, जिथं पडला न्हाई तिथं काचेसारखी कोरी. तो कोपरा कोरा होता. अंधारात उभं असलेलं माणूस जास्त उजेड देऊन वर काढता येतं, पण इथं काही उमटलंच नव्हतं. मग हे झालं कशानं? आधी त्यानं औषधाला दोष दिला. मग कॅमेऱ्याच्या पडद्याला. दोन दिवस कॅमेरा खोलून बसला, त्याच्या बायकोचा, शिवकांतावैनीचा, जेवायचा डबा तसाच परत जायचा. पडद्यात काही नव्हतं. मग त्याची नजर त्या काचेवर गेली.

रविवारी त्यानं मला मागच्या परसात बोलावलं. पांढऱ्या भिंतीच्या चार कोपऱ्यांत कोळशानं चार फुल्या मारल्या होत्या. एक फोटो काच लावून, एक काच अर्धा फेरा फिरवून, एक काच काढून. काच निघता निघत नव्हती, एवढी मी पिळलेली. शेवटी दोरा कड्यालाच चिकटून राहिला आणि कडं बाहेर आलं. तिन्ही फोटो त्यानं तिथंच धुतले. काच काढलेल्या फोटोत चारी फुल्या होत्या. काच लावलेल्या फोटोत डावी खालची फुली गायब. काच फिरवल्यावर ती फुली आली आणि उजवी वरची गेली.

मग काच परत बसवून त्यानं मला भिंग उजेडाला धरून मागनं बघायला लावलं. दोऱ्याची गाठ एका बाजूला आलती, म्हणून कडं त्या बाजूनं गव्हाच्या दाण्याएवढं वर उचललेलं. साध्या भिंगाला त्यानं काही झालं नसतं. पण हे रुंद भिंग, त्याची नजर पार कडेपर्यंत जाते, आणि कडेला ते जाड पितळी कडं आडवं आलतं. कॅमेऱ्याच्या खिडकीतनं बघताना ते दिसत न्हाई, कारण खिडकी फोटोपेक्षा थोडं कमीच दाखवते. सगळं त्यानं मला नीट समजावून सांगितलं, न रागावता. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणलं, "सांगून टाक बे तिला. हबीबनं दोरा गुंडाळला, त्यानं झालं. मी ऐकून घेतो तिचं काय ते."

तो म्हणला, "दोरा कुणाचा होता?"

मी भिंग खाली ठेवलं.

"तिची लेक गेली. त्यात आता तिचाच दोरा कशाला घालू? जन्मभर ती हाताकडंच बघत बसंल. कुणाला बोलायचं न्हाई हबीब, तुझ्या घरातबी न्हाई."

बाजाराच्या दिवशी बायडाबाई आली. पट्टीत काही न्हाई हे विरुपाक्षनं तिला परोपरीनं सांगितलं, पण तिला ते कसं कळावं. तवा त्यानं तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, लाल दिव्याखाली, आणि मलाबी बोलावलं. पट्टीतनं उजेड पाडलेला, अजून कोराच दिसणारा कागद औषधाच्या थाळीत टाकला. ती वाकून बघत होती. सगळ्यात आधी तो कोपराच उमटला, एकदम काळा. मग हळूहळू ट्रक आला, हार आला, हरिबाच्या मिशा आल्या, एकेक करत सगळी टोळी पाण्यातनं वर आली. बायडाबाई एकेकाचं नाव घेत होती. म्हाळू आला, वत्सला आली, हे वत्सलाचं लेकरू. मग ती थांबली आणि कोपऱ्याकडं बघत राहिली. विरुपाक्षनं कागद उचलायला चिमटा घेतला तर तिनं त्याचा हात धरला.

"थांबा की आप्पा. अजून थोडा वेळ राहू द्या पाण्यात. ती सगळ्याला मागनंच येती."

त्यानं राहू दिला. हळूहळू म्हाळू काळवंडला, वत्सला काळवंडली, ट्रक गेला, आणि सगळा कागद त्या कोपऱ्यासारखाच झाला. तरी ती बघत होती. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

त्यानंतर त्यानं जे केलं ते करायला नको होतं, पण त्याच्या हातात तेवढीच विद्या होती. त्यानं बायडाबाईला समोर बसवून विचारून घेतलं, नाक कसं होतं, भुवया जुळलेल्या होत्या का, कपाळ मोठं का लहान. तिचा स्वतःचा फोटो काढला, हनुवटी तिच्यावर गेलती म्हणून. जुन्या पेट्यांतनं त्या वयाच्या पोरींचे फोटो काढले, एकीचे डोळे घेतले, एकीचं कपाळ. महिनाभर रंगवत बसला. मी बघितलं, अहाहा, काय पोरगी केली होती. बोलावं तर ओ देईल अशी. बायडाबाईनं तो फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, दारात उजेडाला नेऊन बघितला. मग परत आणून टेबलावर ठेवला.

"पोरगी चांगली हाय आप्पा. कुणाची हाय?"

तिथं तिचं फाटलं. इतके दिवस जे पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. हरिबाच्या घरच्या फोटोची कड कात्रीनं कापलेली हाय हे तिला कुणीतरी दाखवलं होतं. तिनं भर रस्त्यात उभं राहून विचारलं की कावून कापली माझी लेक. रांडवेची लेक म्हणून कापली. अशुभ म्हणून कापली, मुकादमाच्या भिंतीला नको म्हणून कापली. तिनं त्याचा निर्वंश काढला. लोक जमले. विरुपाक्ष ओट्यावर हात बांधून उभा होता. एकदाच म्हणला, चूक माझी हाय बाई. ते तर लोकांना आयतंच मिळालं. मी माझ्या दुकानात मोटारीचं झाकण हातात धरून उभा. दोन पावलं पुढं टाकली, तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी मागं सरलो. त्याच्या बघण्यानं सरलो का मलाच सरायचं होतं, हे मी आजबी छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाई.

पुढच्या दिवाळीला हरिबानं स्टँडजवळच्या रंगीत फोटोवाल्याकडं टोळी नेली. त्याचं बघून दुसरे मुकादमबी गेले. मेलेल्यांचे घरवालेसुद्धा कमी झाले. आमच्यातलं अशुभ कुणी असलं तर आप्पा कापतो, अशी आवई उठलेली. तो माणूस जो फोटोत आंधळ्याला डोळे रंगवून द्यायचा. ते रुंद भिंग त्यानं परत कधी कॅमेऱ्याला लावलं न्हाई, काच परत त्याच्या तोंडावर बसवून कपाटात ठेवून दिलं. जुन्याच भिंगानं, नालीवर पाय टाकून फोटो काढायचा, आणि टोकाला बसलेल्याला इतक्यांदा आत सरकवायचा की गिऱ्हाईक कातावून जायचं. टोकाच्या माणसांची नावं विचारून वहीत लिहून ठेवायचा. मी म्हणायचो, येडा झालास का बे. तो म्हणायचा, असू दे.

बायडाबाई दर साली टोळीला जायच्या आधी आणि आल्यावर त्याच्या दारात यायची. पहिल्या वर्सी बोंबलली, मग नुसती बोलायची, नंतर नंतर ओट्यावर बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. तो चहा मागवायचा. ती शिव्या द्यायची आणि चहा प्यायची. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात तो दुकानातच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. ते लिंगायत, त्यांच्यातबी आमच्यासारखी माती देत्यात, फक्त बसवून. मी खड्ड्यात उतरलो होतो, त्याला नीट बसवायला. तवा त्याच्या कानात सांगावं वाटलं की मी बोलतो आता. पण तिथंबी बोललो न्हाई.

महिन्यानं शिवकांतावैनी दुकान रिकामं करायला आल्या, मी हाताखाली होतो. पेट्या ओट्यावर मांडल्या. तेवढ्यात बायडाबाई आली. आप्पा गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. कळल्यावर ती ओट्यावर नेहमीच्या जागी बसली. तिच्या गुडघ्याजवळच ते भिंग पडलेलं. तिनं ते सहज उचललं, फिरवलं, आणि कड्याखाली नखानं खरवडलं. सफेद्याचा पापुद्रा निघाला.

"हा माझा दोरा हाय."

मी म्हणलं, न्हाई मावशी, पंपाचा हाय, माझ्या दुकानातला.

"तीन पदरी हाय. असला दोरा पंपाला कोण लावतं? मी दिलता तुमाला, त्या दिवशी."

मग मात्र मी सगळं सांगितलं. काच, आटे, गाठ, परसातल्या चार फुल्या, सगळं. त्यानं मला काय बजावलं होतं तेबी सांगितलं. वैनींनासुद्धा ते तवाच कळलं. बायडाबाई भिंग मांडीवर घेऊन बसून राहिली. एकदा तिनं एवढंच विचारलं की आप्पाला हे कधीपास्नं ठाव होतं. मी म्हणलं, पहिल्या महिन्यापास्नं. ती म्हणली, "सा वर्सं मी त्याला खाल्लं ह्या दारात."

वैनी उठल्या आणि कपाटातनं कागदात गुंडाळलेली एक चौकट आणून तिच्यापुढं ठेवली. ह्यांनी तुमच्यासाठी करून ठेवली होती, द्यायचा धीर झाला न्हाई, असं म्हणल्या. मीबी ती कधी बघितली नव्हती. आत एक हात होता. नुसता हात, मनगटापासून, लेकराच्या खांद्यावर ठेवलेला. काळ्या कोपऱ्यातनं द्वारकाचं तेवढंच बाहेर राहिलं होतं. विरुपाक्षनं ते मोठं केलं होतं आणि ब्रश लावला नव्हता. मनगटाला काचेच्या दोन बांगड्या, अंगठ्याच्या खाली तव्याचा चटका बसलेला डाग.

बायडाबाईनं डागावर बोट ठेवलं. म्हणली, हात तिचाच हाय. चटका बसला त्या दिवशी भाकरी मीच करायला सांगितली होती.

चौकट तिनं पदरात गुंडाळली. भिंग माझ्या हातात दिलं. दोरा काढून देऊ का म्हणून मी विचारलं तर मान हलवली. चार पावलं जाऊन ती परत वळली.

"तोंड न्हाई आठवत आता, भाऊ. डोळे मिटले की आप्पानं रंगवलेली ती परकी पोरगीच समोर येती."

एवढं बोलून ती वडगावच्या जीपकडं गेली. जीप भरलेली होती, ती मागच्या फळीवर एका टोकाला बसली.